एक तर मला दिसेल, नाही तर त्यांना

आमच्याकडे एखाद्याच्या दुधाची फॅट कमी लागली की ती गाईची गोष्ट राहत नाही, घराची होते. त्यातही धार काढणाऱ्या बाईची. उघड कुणी काही म्हणत नाही, पण 'पाणी घातलं असेल' हे कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात येऊन जातं, आणि आलंय हे प्रत्येकाला कळतं. मी कोल्हारच्या अलीकडे आमच्या गावात दूध डेअरी चालवते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन माझ्या खिडकीत येतात, मी ते मोजते, मशीनवर फॅट बघते, कॉम्प्युटरमध्ये टाकते आणि रात्री टँकर ते घेऊन जातो. सोपं काम आहे. लोक तेवढे सोपे नाहीत.

माझा चुलत दीर आमच्या शेजारीच राहतो. नवऱ्यापेक्षा वयाने लहान, पण आवाजाने मोठा. त्याच्या गाईची फॅट काही दिवस सारखी कमी लागत होती. साडेतीनच्या खाली गेलं की आमच्या धंद्यात ते कमीच. एका सकाळी त्याने भरल्या रांगेत मला विचारलं, "वहिनी, मशीन तुमची, कॉम्प्युटर तुमचा, काचबी तुमच्याच तोंडाकडं. आमी काय बघायचं मंग? तुमचं तोंड?"

लोक हसले. मला हसू आलं नाही.

"आकडा आतून बदलता येतो म्हनत्यात," तो पुढे म्हणाला. "मी न्हाई म्हनत. लोक म्हनत्यात."

वाईट हे, की बदलता येत होता. आमच्या फॅट मशीनला स्वतःची एक छोटी काच आहे, पण तिचे आकडे अर्धे जळालेले. तिथे तीन लागलं की आठ, ते परमेश्वराला कळावं. म्हणून मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात मशीनचा आकडा यायचा, तो बघून मी शेजारच्या डेअरीच्या पानावर हाताने टाकायची. मनात आणलं असतं तर तीन आठचं तीन दोन करायला मला किती वेळ लागला असता? मनात आणलं नव्हतं एवढंच. पण हे मी कुणाला आणि कसं दाखवणार होते?

मला राग आला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मी म्हणाले, "उद्या संध्याकाळी बाहेर काच लावते, भाऊजी. मशीन काय म्हणतेय आणि मी काय टाकतेय, दोन्ही शेजारी शेजारी बघा. मग बोला."

"लावा. न्हाई दिसलं तर आमी रस्त्याच्या पल्याड," तो म्हणाला. रस्त्याच्या पलीकडे दुसरी डेअरी आहे. तो गेला असता तर आमची अर्धी गल्ली त्याच्या मागे गेली असती, हे खरंच. पण मला जास्त लागलं होतं ते वेगळंच. त्याची बायको, माझी जाऊ, माझ्या अंगणातून रानात जायची ती आता मागच्या बांधावरून जाऊ लागली होती. त्या गाईची धार तीच काढायची. नाव तिचं खराब होत होतं, आणि ते मी करतेय असं तिला वाटत होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने घरातला टीव्ही काढून खिडकीच्या गजांबाहेर बसवला. धुळीने आणि चोरीच्या भीतीने त्याला पत्र्याची पेटी केली, वर उन्हाला छज्जा काढला, चार बोल्ट आवळले. टीव्हीचं तोंड रस्त्याकडे, पाठ माझ्याकडे. मग त्याची वायर कॉम्प्युटरला लावली, आणि आमचा म्हातारा कॉम्प्युटर, जो आधीच कण्हत-कुथत चालायचा, तो निळा पडून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध मी फॅट न बघता, नुसतं मोजून कागदावर लिहून घेतलं. लिहिताना दीर गालात हसत होता. नवरा पेंड आणायला टेम्पो घेऊन श्रीरामपूरला निघून गेला आणि जाताना म्हणाला, "बघ तुझ्या भावाला विचारून."

माझा धाकटा भाऊ सुप्याला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. भाऊबीजेला त्याने मला ओवाळणीत साडीबरोबर एक पेनड्राईव्ह दिला होता. "ताई, तुझं विंडोज मेलं की हे टाक. लिनक्स आहे. जुन्या कॉम्प्युटरवर पळतं." मला वाटलं थट्टा करतोय. पण पेनड्राईव्ह मी देवघराच्या फळीवर ठेवला होता आणि आता तो काढला.

अडचण अशी की त्याच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करायचा, आणि चहाच्या सुट्टीत गेटवर येऊनच बोलायचं. म्हणजे मला काही अडलं तर चहाची सुट्टी होईपर्यंत अडूनच राहायचं. सकाळच्या चहाला तो म्हणाला, "टीव्हीची वायर काढून ठेव आधी. साध्या स्क्रीनवर इन्स्टॉल कर. जे विचारेल त्याला हो म्हण."

जे विचारेल त्याला हो म्हणणं मला सासरी आल्यापासून जमतं. मी हो म्हणत गेले. कॉम्प्युटरने मला कुठे राहता विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, कोलकाता. मी बराच वेळ नगर शोधलं, पुणे शोधलं, मग म्हटलं, असू दे, कोलकाता तर कोलकाता. त्याने नाव विचारलं, पासवर्ड विचारला. एक जांभळट पडदा आला, त्यावर मांजरासारख्या कुठल्यातरी जनावराचं तोंड. खाली डेअरीचं पान उघडायचा ब्राऊझर होता. मी मशीनची वायर लावून बघितली, तर मशीनचा आकडासुद्धा कोपऱ्यात आला. माझा विश्वास बसेना. दुपारचा स्वयंपाकसुद्धा मी गुणगुणत केला.

जेवून आले, टीव्ही लावला, ऐनवेळी घोटाळा नको म्हणून त्याचं बटण आधीच चालू करून ठेवलं, वायर जोडली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आणि माझ्यासमोरची काच काळी. पूर्ण काळी नाही, मधे एक छोटी चौकोनी पाटी, 'आउट ऑफ रेंज'. ती पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हळूहळू फिरत होती.

रेंज म्हटल्यावर मला मोबाईलची रेंजच आठवली. मी मोबाईल बघितला, चार काड्या होत्या. कॉम्प्युटरला कसली रेंज लागते? मी बंद करून चालू केला. पाटी. स्क्रीनची वायर काढून फुंकर मारून लावली. पाटी. पेनड्राईव्ह परत घालून बघितला, काढून बघितला. देवाला हात जोडले, तेही झालं. पाटी फिरतच होती. सकाळी जे झकास चाललं होतं ते दुपारी का चालेना, मी तर काहीच केलं नव्हतं, असं मला शंभरदा वाटलं. टीव्ही जोडला होता, पण तो बाहेरचा. तो दाखवणारा, त्याचा आतल्याशी काय संबंध?

भावाने आधीच एक तोड लिहून पाठवली होती, काळं झालं तर अमुक तीन बटणं एकदम दाब. दाबली. गंमत म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं आली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच "अगं बाई" म्हणाले. त्याने नाव विचारलं, दिलं. पासवर्ड विचारला, तर टाइप करतेय पण एक टिंबसुद्धा उमटेना. मला वाटलं कीबोर्डही गेला. मी उलटा करून आपटला, त्यातून शेंगदाण्याची सालं पडली. परत टाइप केलं, परत काही नाही. रागाने एंटर दाबलं तर ते आत घेऊन गेलं. म्हणजे घेत होतं, पण दाखवत नव्हतं. ही कुठली पद्धत?

मग भावाने पाठवलेला एक शब्द टाकला, ज्याने म्हणे स्क्रीन नीट होतो. कॉम्प्युटरने उत्तर दिलं, 'कॅन्ट ओपन डिस्प्ले'. आता हे मला सांगायचं? तोच तर उघडायचा होता मला! मी तोच शब्द परत टाकला, सावकाश, एकेक अक्षर बघून. त्यानेही तेच उत्तर सावकाश दिलं. मला रडू यायला लागलं होतं. उन्हं कलायला लागली होती, आणि संध्याकाळी दीर त्या खिडकीशी उभा राहून काय म्हणेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

मी परत बटणं दाबून त्या फिरत्या पाटीवर आले आणि डोकं धरून बसले. तेवढ्यात बाहेरच्या कट्ट्यावरून एक म्हातारी मावशी बोलली. ती दूध घालायला नेहमी सगळ्यांच्या आधी येते आणि सावलीला पाय पसरून बसते.

"अगं सूनबाई, हे मांजार मघाधरनं माझ्याकडं बघतंय. ह्येच दावायचं हुतं व्हय?"

"कुठलं मांजर, मावशी?"

"ह्ये काय, तुज्या पेटीत. मधीच गेलं, काळं झालं, विंग्रजी आलं, परत मांजार आलं. आमी म्हनलं तू बघतीयास, आमी कशाला मधी बोलावं."

मी धावत बाहेर गेले. पत्र्याच्या पेटीत, छज्ज्याखाली, सगळं स्वच्छ दिसत होतं. ते जनावर, माझं नाव, पासवर्ड टाकायची जागा. दुपारभर मी ज्याच्यासाठी आत मरत होते ते भिंतीच्या पलीकडे रस्त्याकडे तोंड करून बसलं होतं. मला हसावं की मावशीला बोलावं ते कळेना.

एवढ्यात दुपारच्या चहाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "टीव्हीची वायर उपस बरं." उपसली. माझ्या काचेवर मांजर. "लाव." लावली. पाटी फिरायला लागली. तो म्हणाला, "ताई, ते दोघांना सारखंच चित्र पाठवतंय, टीव्हीच्या मापाचं. तुझा स्क्रीन जुना, त्याला ते झेपत नाही. होईल नीट, पण असं फोनवरून नाही सांगता येणार. शिफ्ट सुटल्यावर बघू."

"शिफ्ट सुटेपर्यंत इथं दूध निघून जाईल रे!"

"मग आज टीव्ही काढून ठेव. तुझं काम तर होईल," तो म्हणाला, आणि त्याची सुट्टी संपली.

माझं काम झालं असतं. टीव्हीची वायर काढायची, आत नेहमीसारखं बसायचं, सगळं मला दिसलं असतं. आणि बाहेर पत्र्याच्या पेटीत काळा टीव्ही, त्याच्यासमोर दीर. किंवा वायर लावायची, त्यांना सगळं दिसेल, आणि मी आत आंधळी. एक तर मला दिसेल, नाही तर त्यांना. टीव्ही आत फिरवावा तर चार बोल्ट, आणि पाना नवऱ्याच्या टेम्पोत. मी खुर्चीत बसून दोन्ही वायरींकडे बघत राहिले. मला काहीच सुचत नव्हतं. लोक मला हुशार म्हणतात, त्यांनी त्या वेळी मला बघायला हवं होतं.

शेवटी मी वायर उपसली, डेअरीचं पान उघडलं, मशीनचा कोपरा त्याच्या शेजारी लावला, आकडे होतील तेवढे मोठे केले, आणि वायर परत खुपसली. माझ्यासमोर पाटी फिरायला लागली. कीबोर्ड मला डोळे मिटून येतो. कुठल्या रकान्यानंतर कुठला रकाना, हे बोटांना पाठ होतं. बाहेरून कुणी आकडा वाचून सांगितला तर मी टाकू शकणार होते.

लोक आले. दीर आला. त्याच्यामागे किटली घेऊन जाऊसुद्धा आली, जी कधी येत नाही. ती माझ्याकडे न बघता रांगेत उभी राहिली.

आणि मग नवीनच खोळंबा. आमची खिडकी मावळतीला आहे. ऊन छज्ज्याच्या खालून सरळ पेटीत शिरलं होतं. टीव्हीच्या काचेवर नुसता पिवळा झगझगाट.

"काय दिसंना!" कुणीतरी ओरडलं.

"दिसायचं नव्हतंच," दुसरं कुणीतरी म्हणालं. माझे कान तापले. दुपारभर धडपडून मी असं काहीतरी तयार केलं होतं, जे मलाही दिसत नव्हतं आणि त्यांनाही.

दीर पुढे झाला. दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून त्याने डोकं पार पेटीत घातलं. "दिसतंय," आतून त्याचा घुमलेला आवाज आला. "आसं डोकं घातलं की दिसतंय. मशीनचा आकडा हिकडं, तुमचं पान तिकडं."

"भाऊजी," मी गजांतून म्हणाले, "मला इथं काहीच दिसत नाहीये. माझी काच बंद पडलीय. तुम्ही तिथून वाचा, मी टाकते."

तो डोकं काढून माझ्याकडे बघायला लागला. "म्हंजी मी सांगन त्ये तुमी लिव्हनार?"

"हो."

"मी सांगन त्येच?"

"तेच. मला कुठे कळणार आहे?"

हे बोलले आणि मला धडकी भरली. पावतीचा प्रिंटर मी अजून जोडलाच नव्हता. मशीनच्या काचेवर अर्धे आकडे. उन्हामुळे पेटीत डोकं घातल्याशिवाय कुणाला काही दिसणार नाही. म्हणजे गावाचं सगळं दूध त्या एका माणसाच्या तोंडावर, जो काल मला खोटी म्हणाला होता. त्याचं स्वतःचं दूधही त्यातच. पण दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं असतं, तर दिराने परत तेच म्हटलं असतं.

मावशीचं दूध पहिलं. "चार एक," आतून आवाज आला. मी टाकलं. "दिसलं का?" "दिसलं. चार एक." मावशी खूश झाली. मग पुढचं. "तीन सात." पुढचं. "शून्य दावतंय वहिनी, ह्ये काय?" मी म्हटलं, बुडबुडा गेला असेल, परत लावते. परत लावलं. "तीन नऊ." हळूहळू आमची लय बसली. मी नमुना लावायची, तो वाचायचा, मी टाकायची, तो 'दिसलं' म्हणायचा. मधे एकदा माझं बोट घसरलं तर तो लगेच, "वहिनी, सातच्या जागी आठ पडलंय." मी दुरुस्त केलं. गंमत म्हणजे माझी भीती कमी झाली नाही, वाढत गेली, कारण रांग कमी होत होती.

जावेने किटली खिडकीत ठेवली. तिचा हात मला दिसला, पदराने पुसत असलेला. मी दूध ढवळलं, नमुना घेतला, मशीनला लावला. मशीन गुरगुरायला लागली. तो काहीही म्हणाला असता, चार म्हणाला असता, तरी मी चार टाकलं असतं. मी मनात ते ठरवूनच टाकलं होतं. खोटं का होईना, तिने परत अंगणातून जावं. हे एका डेअरीवालीला शोभत नाही, पण मला तसं वाटत होतं, आणि ते मी लपवत नाही.

मशीन थांबली. पेटीतून आवाज येईना.

"भाऊजी?"

काही नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती, शर्ट घामाने चिकटलेला.

"आला का आकडा?"

"आलाय," तो म्हणाला. मग एकदम पडल्या आवाजात, "तीन दोन."

मला नीट ऐकू आलं होतं. पण बोट हलेना. "परत सांगा," मी म्हणाले.

"दोनदा वदवून घेता व्हय?" तो पेटीतूनच तापला, आणि मग पत्रा दणाणेल असा ओरडला, "तीन दोन! ऐकलं का समद्यांनी? तीन दोन हाय!"

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. जाऊ खाली बघून हळूच मला म्हणाली, "वासराला शेवटच्या धारा सोडते मी. लई बारीक हाय ते."

शेवटच्या धारा म्हणजे सगळी साय. म्हणजे फॅट तिथे जात होती. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याने नाही, मी तर नाहीच. मी तीन टाकलं, टिंब टाकलं, दोन टाकलं आणि एंटर दाबायच्या आधी थांबले, कारण माझ्यासमोर काहीच नव्हतं.

"बरोबर लिव्हलंय, वहिनी," पेटीतून दीर म्हणाला.